ताटावरचा पहारा

रोज दिवेलागणीच्या आधी मी माझ्या पोरीचं तोंड हुंगायचे.

अंगणात तिला समोर उभी करायची, हनुवटी धरायची आणि म्हणायचं, "आ कर." दिव्या आ करायची. वय सात, पण अंगानं चारची दिसायची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. मी तिच्या दातांच्या फटी बघायचे, जीभ बघायचे, मग दहाही बोटांची नखं. पोळीचा वास माझ्यापासून लपत नाही. मी वरोऱ्याकडची आहे, पोळीवरच वाढले.

"काय खाल्लं आज?"

"सकाळी भाकर. शाळेत खिचडी. आता भात."

"आन् आजीनं काय देल्लं?"

"बोरं."

"बोरासंगं?"

"काहीच नाई, आई. खरंच सांगून राह्यलो ना."

तिचे डोळे खरं सांगत होते आणि पोट खोटं ठरवत होतं. तेव्हा मी पोटावर विश्वास ठेवला. आईनं काय करायचं असतं दुसरं?

हा पहारा सुरू झाला तो २००३ सालच्या श्रावणानंतर. चामोर्शीजवळच्या आमच्या गावातून आम्ही तिला नागपूरला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतडं पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं, सिलियाक. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझा नवरा प्रफुल म्हणाला, "साहेब, मराठीत सांगा."

"हिला गहू सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. "गव्हात एक चिकट भाग असतो. त्यानं हिचं आतडं आतून सोलवटून निघतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही की इंजेक्शन नाही. गहू बंद, तोही जन्मभर. पोळी, बिस्कीट, पाव, रवा, मैदा, शेवया, काही नको. सहा महिन्यांनी परत आणा. वजन वाढलं तर पथ्य लागू पडलं म्हणायचं. नाही वाढलं, तर याहून वाईट काही आहे का ते शोधावं लागेल."

'याहून वाईट' हे दोन शब्द मी नागपूरहून घरी आणले आणि उशाशी घेऊन झोपू लागले.

आता माझा गुन्हा सांगते. आमचं सासर ढिवरांचं. तळ्यावर मासे धरायचे, थोडी धानाची बांधी करायची. इकडे रोजचं खाणं म्हणजे भात. गहू सणाला किंवा पाहुणा आला तर. मी लग्न होऊन आले आणि रोज पोळ्या लाटायला बसले. बाया चिडवायच्या, "जयाच्या घरी रोज पाव्हणे येतेत काय व?" मला त्याचा तोराच होता. भातानं काय ताकद येते, असं मी तोंडावर म्हणायचे. दिव्या दीड वर्षाची झाली, पोळी खाऊ लागली आणि तिला जुलाब लागले. ती जितकी वाळायची तितकी मी तुपात कुस्करून पोळी भरवायची. सासू, गिरजाबाई, म्हणायच्या, "लेकराले पेज दे व, पोरी." मी ऐकलं नाही. पाच-साडेपाच वर्षं माझ्याच हातानं मी माझ्या लेकराला ते विष चारलं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात घोकत होते. आणि त्यात सासू बरोबर निघाली, ते दुखणं वेगळंच.

पण पहिले तीन महिने फार चांगले गेले, हे मान्य करायला हवं. घरातला गहू मी दाणा न् दाणा काढून टाकला. राशनचा गहू उचलणं बंद केलं. डब्यातल्या हिंगात कणीक मिसळलेली असते असं डॉक्टरांच्या कागदावर होतं, म्हणून हिंगाचा डबा उकिरड्यावर गेला. चक्कीवर एकाच्या मागे दुसऱ्याचं दळण पडतं, म्हणून तांदूळ घरच्या उखळात कुटायला सुरुवात केली. आणि मग मला कळलं की मला स्वयंपाकातलं काही म्हणता काही येत नव्हतं. सगळं गिरजाबाईंना येत होतं.

तांदळाची भाकर तर होतीच. पाट्यावर तांदूळ वाटून त्याचे आयते, म्हणजे जाळी पडलेली पातळ धिरडी. उडदाचे वडे. लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण. मोहाची वाळलेली फुलं शिजवून त्यात तीळ कुटून केलेले लाडू. हे लाडू मी नऊ वर्षांत कधी तोंडात घातले नव्हते, जंगलातलं खाणं म्हणून. दिव्या ते एका बैठकीला चार खायची. दिवाळीला मी हट्टानं तांदळाच्या पिठाचे कानोले, म्हणजे करंज्या, केले. एकही धड राहिला नाही. तेलात पडला की फुटायचा आणि सारण कढईभर व्हायचं. गिरजाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "तुह्या कानोल्याले लाज नाई व, सारं उघडं टाकून राह्यला!" शेवटी दिव्यानं झाऱ्यानं ते तळलेलं सारण वाटीत घेतलं, चमच्यानं खाल्लं आणि म्हणाली, "आई, पुढच्या साली बी असेच फुटके कर."

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोसायटीचा मासळी तोलायचा काटा होता. प्रफुल तिला त्याच्यावर उभी करायचा. श्रावणात तेरा किलो. दिवाळीला पंधरा. त्या दिवशी प्रफुलनं तिला खांद्यावर बसवून घरापर्यंत आणलं, आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

पौष लागला आणि काटा खाली येऊ लागला.

आधी साडेचौदा. मग चौदा. पोट पुन्हा फुगलं, पुन्हा तेच पांढरट, घाण वासाचे जुलाब. पोर शाळेतून येऊन पायरीवर बसली की उठायची नाही. मी घर पुन्हा चाळून काढलं. मिठाचा डबा बदलला, तवा बदलला, शाळेत जाऊन खिचडीची भांडी पाहून आले. कुठंच काही नव्हतं. मग एकच राहत होतं. कुणीतरी तिला चोरून देत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे माझ्या डोक्यात ठरलेलंच होतं. शेजारच्या बायनाबाईकडे नातवाचं बारसं झालं, तिथं पुऱ्या होत्या आणि दिव्याला घेऊन गिरजाबाईच गेल्या होत्या. आजीचं काळीज ते, लेकरानं पुरीकडे पाहिलं की वितळायचंच. असं मीच ठरवलं आणि मीच त्याच्यावर शिक्का मारला.

एका सकाळी, दिव्या शाळेत गेल्यावर, तिचा फ्रॉक धुवायला घेतला आणि खिशात हात घातला. बोटांना गव्हाचे दोन दाणे लागले.

थांबावं, पोर घरी आली की विचारावं, एवढी अक्कल मला त्या घडीला सुचली नाही. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. गिरजाबाई अंगणात विळ्यावर मासे चिरत होत्या. मी ते दोन दाणे त्यांच्यासमोर फेकले.

"हे काय आहे, बाई?"

त्यांनी पाहिलं. "गहू दिसते."

"माह्या पोरीच्या खिशात कुठून आला? तुमाले मी सांगतलं होतं का नाई, एक दाणा बी चालत नाई मनून? तिचा जीव घ्याचा आहे काय तुमाले?"

मासा त्यांच्या हातातच राहिला. "मी?" एवढंच म्हणाल्या.

"तुमी नाई तं कोन? लाड करा, पन असे मारून टाकाचे लाड नका करू!"

गिरजाबाईंनी मासा टोपलीत ठेवला. हात धुतले, पदराला पुसले, सगळं सावकाश. मग म्हणाल्या, "आजपासून तुह्या पोरीले माह्या हातचं पाणी बी नाई. तुही पोरगी, तुही चूल." आणि दुपारपर्यंत त्यांनी मागच्या पडवीत आपली वेगळी चूल मांडली.

प्रफुल घरी आला, त्यानं दोन चुलींचा धूर पाहिला आणि माझ्यावर खेकसला, "तू पोरगी सांभाळून राह्यली का चोर?" मी त्याला म्हणाले, "सोमवारी सोमवारी काट्यावर तूच उभी करतो ना? मंग आकडा तूच सांग मले."

दिव्याला मी बजावलं, आजीच्या पडवीत पाय ठेवायचा नाही. त्या दाण्यांचं तिला विचारायचं राहूनच गेलं, कारण मला उत्तर सापडलेलं होतं. शाळा सुटल्यावर ती कुठं जाणार? मीच म्हणाले, "आबाजीसंगं तळ्यावर जात जा." तिचे आबाजी म्हणजे माझे सासरे इस्तारी, मी त्यांना मामाजी म्हणायचे. सत्तरीचे, तोंडात एकही दात नाही, दिवसभर पाळीवर गळ टाकून बसायचे. मला वाटलं, तळ्यावर ना चूल ना ताट. तिथं गहू कुठून येणार? पोरीला मी माझ्या हातानं, रोज, तिकडं पाठवू लागले.

संक्रांतीला तीळगूळ झाले. दिव्यानं एक लाडू घेतला, माझ्यासमोर खाल्ला आणि मी न सांगता आ करून दाखवला. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं.

दुसऱ्या सोमवारी काटा तेरावर आला. जिथून निघालो तिथंच. नागपूरची तारीख दहा दिवसांवर होती. प्रफुलनं तिला काट्यावरून उतरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "दुसरंच काही असन." त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी मी दिव्याला जेवायला बोलवायला पाळीवर गेले. मोहाच्या झाडाखाली मामाजी बसले होते, तीन गळ पाण्यात. दिव्या त्यांच्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन. तिची पाठ माझ्याकडं होती. पण कानाजवळचा जबडा हलत होता.

ती काहीतरी चावत होती. बराच वेळ, गाय रवंथ करते तसं. मधेच बाजूला पांढरं थुंकायची, पुन्हा चावायची. मग तिनं तोंडातून एक गोळी काढली, बोटांत वळली आणि मामाजींच्या हातावर ठेवली. मामाजींनी ती गळाच्या काट्याला टोचली.

मी धावले. चप्पल कुठं राहिली माहीत नाही. तिला खांद्याला धरून फिरवलं, "थुंक!" म्हणून ओरडले आणि तिच्या तोंडात बोट घातलं. बोटाला राखाडी, चिवट असं काहीतरी आलं. ओढलं तर रबरासारखं ताणलं गेलं.

"काय आहे हे?"

"चिकटा," दिव्या म्हणाली. ती अजून घाबरलेली नव्हती. "आबाजीच्या गळाले लागते."

"कशाचा?"

उत्तर मामाजींनी दिलं, अगदी साधेपणानं. "गव्हाचा ना. गहू चावत राह्यलं का पीठ निंगून जाते आन् चिकटा उरते. पाण्यात सुटत नाई, रोहूले पक्का लागते. आता माह्या तोंडात दात नाई, दिवाळीनंतर शेवटचे बी गेले, मनून नात चावून देते. बायनाबाईच्या घरून मूठभर आणतो, घरात नाई नेत. खात नाई पोरगी. मी पयलेच सांगतलं तिले, एक दाणा गिळाचा नाई."

"मी गिळत नाई, आई," दिव्या म्हणाली. "सारं थुकतो."

डॉक्टर म्हणाले होते, गव्हातला चिकट भाग. मी तो कागदावर वाचला, नाव पाठ केलं, गावभर सांगितलं. आणि हा म्हातारा चाळीस वर्षं तो गव्हातून वेगळा काढून काट्याला लावत होता. मीही तर पाहिलं होतं त्यांना, दात होते तेव्हा, याच झाडाखाली गहू चावताना. पण आमच्या घरात गळाचं ते माशाचं. त्याला कुणी खाणं म्हणतच नाही. लेकरू रांगू लागलं की पहिलं हेच शिकतं, गळाचं तोंडात घालून गिळायचं नाही. मी रोज विचारायची, काय खाल्लं. पोर रोज खरं सांगायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात मी सासूला तुडवून आले होते.

तेव्हा एवढा विचार केला नाही मी. तेव्हा मी दिव्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मरशील! समजते काय तुले? गिळलं नाई तरी थुंकीसंगं पोटात जाते! एक कण गेला तरी मरशील तू! मामाजी, तुमी मारून राह्यले हिले, तुमी!"

मामाजी उठायला गेले आणि परत बसले. त्यांच्या हातातली गोळी खाली पडली. दिव्या माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला, पण मी ओरडत राहिले. ओरडण्यातच मला बरं वाटत होतं.

खरं तर त्या दिवशी घरात दिवाळी व्हायला हवी होती. चोर सापडला होता, वाईट आजार नव्हता. पण संध्याकाळी दिव्या म्हणाली, "भूक नाई." मी म्हटलं, रडून दमली असेल. सकाळी भात वाढला. तिनं ताटाकडं पाहिलं, बोटानं शितं सरकवली.

"याच्यात असन तं?"

"नाई व, माय. भात आहे तो."

"आबाजीच्या चिकट्यात बी नाई वाटत होतं."

मी भात दुसरा केला, तिच्यासमोर तांदूळ धुतले. नाही. पोहे केले. नाही. मोहाचा लाडू तिच्या ओठाला लावला, तर तिनं ओठ आत दुमडून घेतले. संध्याकाळी मी नुसती वाटी घेऊन जवळ गेले आणि तिनं डोळे मिटून आ केला. घास घ्यायला नाही. तोंड रिकामं आहे हे दाखवायला.

मी वाटी खाली ठेवली. मी तिला काय करून ठेवलं होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिला चामोर्शीला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावली, जिभेला हात लावून पाहिलं. "सलाईननं पोट भरत नाही, बाई. हिच्या अंगात शिल्लक काही नाही. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही, तर गडचिरोलीला भरती करा. नळीनं भरवावं लागेल. उशीर करू नका." तीच नळी, घशातून घालायची. दिव्यानं ते ऐकलं आणि प्रफुलच्या शर्टात तोंड लपवलं.

तिसऱ्या सकाळी तिला बसवलं तर मान कलत होती. मी मागच्या पडवीत गेले.

गिरजाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चूल विझलेलीच होती. मामाजींनी पाळीवरून आल्यावर त्यांनाही सगळं सांगितलं असणार, कारण ते दोघंही जेवले नव्हते, ताटं कोरडी होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. कुणाची माफी मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणजे आली होती, पण मी मागितली नव्हती.

"बाई, चुकलं माहं. चोर सोडून संन्याशाला सुळी देल्ली मी. तुमी मारा मले, पन तिले उठवा. माह्या हातानं ती खात नाई."

त्यांनी चुलीतली गार राख पुढं ओढली. मग म्हणाल्या, "मले नोको मनू. मी बुढी, ऐकून घेतो. लेकीले मन."

"तिले?"

"मंग कोनाले? तोंड तिचं तपासलं का माहं?"

मी परत आत गेले. दिव्या चटईवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. प्रफुल तिचे पाय धरून बसला होता. मी खाली बसले. सासूशी बोलणं सोपं होतं म्हणायचं, एवढं हे अवघड गेलं.

"दिव्या. माहं चुकलं. तू काहीच चोरून खाल्लं नोतं. तू खरं सांगत होती आन् मी ऐकलं नाई. आन् मरशील मनलं ते खोटं होतं. तू मरत नाईस. चिकटा बंद झाला का तू चांगली होशील."

ती हलली नाही. मग भिंतीकडूनच म्हणाली, "खोटं होतं तं ओरडली काऊन?"

"भेली होतो मी."

तिनं मान वळवली. "तू भेली?"

"खूप. आता बी भेऊन राह्यलो."

ती माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मी तिला नवीन कुणी दिसले. तेवढ्यात मागून पाट्यावर वरवंटा घासल्याचा आवाज येऊ लागला आणि थांबला. गिरजाबाईंनी हाक मारली, "दिव्या! ये व इकडं. माह्यानं एकटीनं होत नाई."

प्रफुलनं तिला उचलून पडवीत नेलं. मी उंबऱ्याच्या आत थांबले. पुढं जायची मला हिंमत झाली नाही.

"आजी, काय करून राह्यली?"

"आयते."

"तांदूळ कोनता?"

"आपल्या बांधीतला."

"दळला कुठी?"

"दळला नाई. रातीच भिजवला, आता पाट्यावर वाटून राह्यलो."

"पाटा धुतला?"

मी असते तर म्हणाले असते, किती प्रश्न विचारतेस. गिरजाबाईंनी अर्धवट वाटलेलं सगळं बाजूला कोंबड्यांना टाकून दिलं, लोटा तिच्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "तूच धू. तुह्या डोळ्यानं पाह्य."

दिव्यानं पाटा धुतला. दोन वेळा. अर्धं पाणी तिच्या पायावर पडलं. मग वरवंटा धुतला. तवा धुवायला मागितला. गिरजाबाईंनी मातीचा नवा तवा काढला, तोही तिनं धुतला. भिजलेले तांदूळ तिनं मूठमूठ पाट्यावर घातले आणि आजीनं वाटले. कुणी घाई केली नाही. मला मात्र आत ओरडावंसं वाटत होतं, लवकर करा, दुपार होईल, गाडी बघावी लागेल. मी पदर तोंडात धरून उभी राहिले.

पहिला आयता तव्याला चिकटला. दुसऱ्याला जाळी पडली. गिरजाबाईंनी तो ताटात टाकला, बाजूला गुळाचा खडा ठेवला आणि हात मागे घेतला. "खा" म्हणाल्या नाहीत.

दिव्यानं कडेचा तुकडा तोडला. वास घेतला. उजेडाकडं धरून पाहिला. कुंपणापलीकडे मामाजी उभे होते, तीन दिवसांत ते दिव्यासमोर आले नव्हते.

तिनं तुकडा तोंडात घातला. चावला. थांबली. आणि मग गिळला, तिच्या बारीक गळ्यातून खाली जाताना मला दिसला.

"गूळ कमी आहे," ती म्हणाली.

गिरजाबाईंनी दुसरा खडा ठेवला. दिव्यानं तो आयता संपवला, मग दुसरा. तिसरा तव्यावर असताना तिचं लक्ष कुंपणाकडं गेलं.

"आबाजी, या ना. हात धुतले काय?"

मामाजींनी दोन्ही तळवे पुढं धरले, लांबूनच. तिनं मान वाकडी करून ते तपासले. "नाई दिसत. जा, राखेनं धुवा." सत्तर वर्षांचा तो माणूस मुकाट्यानं रांजणाकडं गेला, राखेनं हात घासले, परत येऊन दाखवले, मग ती सांगेल तिथं, ताटापासून एक हात दूर, बसला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो पुसायलाही भीत होता, कारण हात धुतलेले होते.

मीही पडवीत जाऊन बसले. तीन दिवस माझ्याही पोटात काही गेलं नव्हतं. तव्याचा वास, गुळाचा वास, आणि पोर समोर चावतेय. सवयीनं माझा हात तिच्या ताटाकडं गेला, एक तुकडा तोडायला की चाखून बघायला, मलाच माहीत नाही.

दिव्यानं माझ्या हातावर चापट मारली. चांगली जोरात.

"माह्या ताटाले हात नोको लावू!"

मी हात मागं घेतला. मांडीवर ठेवला आणि तिथंच बसून ढसाढसा रडले, आवाज न आवरता, प्रफुलसमोर, सासऱ्यांसमोर, सगळ्यांसमोर. दिव्या चावत होती.

गिरजाबाईंनी माझ्यापुढं एक वेगळं ताट सरकवलं. "रडून काऊन राह्यली? पीठ आहे अजून."